ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ

किडनीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पिशोरचे एक शेतकरी आतही छत्री उघडून बसले होते. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती. आम्हा दोघांचीही किडनी बदललेली. त्यानंतरच्या गोळ्यांनी उन्हामुळं होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून अंगावरचे तीळ दाखवायला आलो होतो.

"पाठीवरचा मला दिसत नाय," ते म्हणाले. "बायको दर अमावस्येला त्याच्यावर ज्वारीचा दाणा ठिवून बघती. आता तीळ दाण्याभाईर आलाय."

"दाणे लहानमोठे असतात," मी म्हणालो.

"दाणा एकच हाय. देव्हाऱ्यात ठिवलाय. किडनी तिचीच हाय, राखण करणारच की."

डॉक्टरांनी तो तीळ कापून तपासायला पाठवला. पुढं काय निघालं, मला कळलं नाही.

घरी येऊन मी शर्ट काढला आणि बायकोकडं पाठ केली.

"थांबा," ती म्हणाली, "चष्मा आणते."