मुलींचा रविवारचा बर्फ

ऑफिसमध्ये मी कमी बोलते, म्हणून मीटिंगची मिनिट्स लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. युरोपभर पसरणारी आइस हॉकीची एक नवी व्यावसायिक लीग उभी करायला आमची कंपनी मदत करत होती. लंडनच्या हॅरो उपनगरात, घरी आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बर्फावरची हॉकी? अगं, फ्रीजरमधले मटार काढताना तुझे हात गारठतात!"

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, लीगचा एक संघ ठेवायचा होता. ते पाहायला मी बॉसबरोबर गेले. आत ओले ग्लव्ह्ज, घामट मोजे आणि चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास एकत्र कोंडला होता. मी तोंडाने श्वास घेऊ लागले. बॉस मफलर नाकावर धरून फिरत होता.

बर्फाची देखभाल करणारे साठीचे गृहस्थ आम्हाला सगळं दाखवत होते. शेवटी ते म्हणाले, "रविवारी पाच ते सात इथे मुलींचा संघ खेळतो. त्यांना दुसरी वेळ मिळत नाही. तुमच्या मॅचेस रविवारी आल्या तर त्या कुठे जातील?"

"फार चांगला मुद्दा," बॉस म्हणाला. "बघतो आम्ही."

ते गृहस्थ माझ्याकडे वळले आणि तिकडे कुणालाही आपुलकीने म्हणतात तसं म्हणाले, "लिहून घे हं, लव्ह."

मी लिहून घेतलं. मुद्दा सहावा.

पुढच्या आठवड्यात युरोपातल्या क्लबांबरोबर व्हिडिओ कॉल झाला. कुणाचं रिंक रुंद, कुणाचं अरुंद. मंगळवारी खेळून गुरुवारी दुसऱ्या देशात पोचायचं कसं, हे कुणालाच सांगता येईना. फिनलंडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "आमच्याकडे शेवटचा संघ खालच्या लीगमध्ये जातो. तुमच्याकडे?"

"कुणीच खाली जाणार नाही," बॉस अभिमानाने म्हणाला.

"मग वर कोण येणार?"

बॉसने हसून विषय टीव्हीवर नेला. टीव्हीवाल्यांना रविवारी संध्याकाळी पाचची वेळ हवी होती. "रविवारी पाच! सुंदर!" तो म्हणाला. मी समोरच बसले होते. वेळ लिहून घेतली.

कॉल संपल्यावर तो क्रॉसाँ खात माझ्या डेस्कपाशी आला. रिंकभेटीची मिनिट्स स्क्रीनवर उघडी होती. त्याने लोण्याचं बोट सहाव्या मुद्द्यावर टेकवलं आणि तसंच आडवं ओढलं. "हे काढ. तो बर्फावर पाणी मारणारा माणूस आहे, स्टेकहोल्डर नाही."

स्क्रीनवर चिकट पट्टा उमटला. "शुअर," म्हणत मी ती ओळ पुसली. रिंकचा वास मला सहन झाला नव्हता, पण त्या वासात निदान कुणीतरी खेळून दमलं होतं. या बोटाची किळस निराळी होती. आणि त्याहून जास्त माझ्या त्या "शुअर"ची. संध्याकाळी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनने घरी येताना तो शब्द तोंडात आंबल्यासारखा वाटत राहिला.

मिनिट्स पक्की होण्याआधी हजर असलेल्या सगळ्यांकडे दुरुस्तीसाठी पाठवायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. हजर माणसांच्या यादीत त्या गृहस्थांचं नाव होतं, मीच लिहिलेलं. सोमवारी मी यादीतल्या प्रत्येकाला ईमेल केलं. त्यांचं उत्तर तासाभरात सगळ्यांना गेलं: "मुलींच्या रविवारबद्दल मी विचारलं होतं. ते यात नाही."

बॉस तरातरा आला. "त्याला कुणी पाठवलं?"

"मी. ते हजर होते."

"आधी मला विचारायचंस ना!"

"हजर असलेल्या सगळ्यांना पाठवतात," मी म्हणाले. आवाज इतका किनरा आला की शेजारच्या डेस्कवरच्या दोघांनी मान वर केली.

सहावा मुद्दा परत आला. शेजारच्या रकान्यात प्रत्येक मुद्द्यापुढे कुणी, कधी, काय करायचं ते लिहायचं असतं. तिथे बॉसने स्वतः टाइप केलं: "नोंद घेतली." नाव नाही, तारीख नाही.

वेळापत्रक लागलं. गावातल्या पहिल्या मॅचची वेळ होती रविवारी पाच. त्या गृहस्थांचं मला दोन ओळींचं ईमेल आलं. मुलींना आता सकाळी सव्वासहाची वेळ दिली होती आणि निम्म्याच मुली येत होत्या. खाली लिहिलं होतं, "तू लिहिलंस, थँक्स लव्ह."

ती मिनिट्स अजून फाइलमध्ये आहेत. "नोंद घेतली"च्या खाली, मिनिट्स लिहिणाऱ्याच्या जागी, माझी आद्याक्षरं आहेत.