ताटलीतला वड

माझा राग लवकर जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. केळव्याच्या त्या बंगलेवाल्यावरचा तर मी लोणच्यासारखा मुरवलाय.

साहेब मुंबईचे, कामासाठी जपानात राहून आलेले. आमच्या वाडीला लागून त्यांनी जागा घेतली आणि कुंपणाच्या भिंतीला आड येतो म्हणून विहिरीजवळचा वड पाडला. वटपौर्णिमेला आमच्या आळीतल्या बायका त्याच वडाला दोरा गुंडाळायच्या. माझे वडील होडीवर जायचे. समुद्रावर गेलेल्या नवऱ्यासाठी आईच्या हातात तेवढा दोराच होता. वड पडला त्या दिवशी ती जेवली नाही.

साहेबांनी त्याच वडाची फांदी उथळ ताटलीत लावली. मुळं छाटायची, तारेनं फांद्या वाकवायच्या, वीतभराच्या वर जाऊ द्यायचं नाही. बोनसाय! ओसरीवर खुर्ची टाकून आम्हाला ऐकवायचे, "ही कला मूळची चीनची. चहा चीनचा, अक्षरंसुद्धा चीनची. पण जपान्यांनी उसनं घेतलं आणि असं घडवलं की ते त्यांचंच झालं. नाहीतर तुम्ही लोक!" जपानात म्हणे एकेक झाड पिढ्यान्‌पिढ्या जपतात. या गृहस्थानं तिथून फक्त कातर आणली.

पुढची वटपौर्णिमा आली आणि बाईसाहेबांना वड सापडेना. मग त्यांनी ती ताटलीच चौरंगावर मांडली आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. आई गेली, करते काय? एवढ्या मोठ्या वडाला फेऱ्या घालणारी माझी आई चौरंगाभोवती फिरली, वाकून वाकून ताटलीला दोरा गुंडाळला. साहेब हसत फोटो काढत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्या, फुटो तुझा कॅमेरा!

काही दिवसांनी आम्ही मायलेकी नारळ द्यायला बंगल्यावर गेलो, तर साहेब कातर घेऊन वडापुढे बसलेले. आई बाईसाहेबांना म्हणाली, "पूजलेल्या वडाला कातर लावायची नाय. साहेबांच्या आयुष्याचा दोरा हाय त्याला."

बाईसाहेब पांढऱ्याफटक पडल्या. साहेब खवळले. "असा नियम कुठं आहे?"

"जपानात नसंल. आमच्यात हाय."

कुठला नियम! आईनं तो तिथल्या तिथे रचला होता. बाईसाहेबांनी मात्र नवऱ्याच्या हातून कातर काढून घेतली आणि ताटली आईच्या ओटीत घातली. आईनं तारा सोडल्या आणि वड आमच्या वाडीत लावला, अगदी साहेबांच्या नव्या भिंतीला खेटून. उन्हाळाभर मी त्याला पाणी घातलं. देवाला कधी घातलं नाही इतक्या भक्तीनं घातलं.

बऱ्याच वर्षांनी तारापूरला अणुवीज केंद्राचं काम पुरं होत आलं, तोवर भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. वड तोडायला साहेबांना आसपासच्या गावांतही माणूस मिळेना. आईचा नियम तोवर सगळीकडे वाडवडलांपासूनचा म्हणून चालत होता. शेवटी साहेब स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. "बाई, तुम्हीच सांगा कुणाला तरी. घर धोक्यात आलंय."

आईनं आतून कोयता आणून त्यांच्यापुढे ठेवला. "तोडा की साहेब, आमी नाय कुठं म्हणतो? फक्त बाईसाहेबांना इचारून घ्या."

साहेब उठून गेले. कोयता ओट्यावरच राहिला. त्याच पावसाळ्यात भरदुपारी भिंत आडवी झाली आणि साहेब धावत बाहेर आले. आई विहिरीवर पाणी भरत होती. तिनं घागर खाली ठेवली, पदर नीट केला आणि पडलेल्या भिंतीवरून त्यांना हाक मारली, "साहेब, आता काढा फोटो!"