भालेरावांच्या अंगणातला लावा

कुवेतहून परतलेले आम्ही चार मराठी एकत्र बसलो, की किस्से संपता संपत नाहीत आणि भालेरावांचा विषय निघतोच! मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, ते मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनीअर. अबू हलीफात समुद्राजवळच्या एकाच इमारतीत ते तळमजल्यावर, आम्ही वर. अंगण त्यांचं, गंमत आम्हाला फुकट!

नव्वदच्या मार्चमध्ये त्यांनी कुठंसं वाचलं, की दूरवरून उडत येणारे लावे पक्षी थकून या किनाऱ्यावर उतरतात. झालं! जहराच्या वाळवंटातून काटेरी झुडपं आणून अंगणात ढीग रचला. लाव्यांना लपायला! हारिसनं, म्हणजे इमारतीच्या रखवालदारानं, तो कचऱ्यात टाकला. भालेरावांनी परत आणला. असं तीनदा! चौथ्यांदा हारिसच झुडपं घेऊन आला.

मग वाळूत परात पुरली, वर भोक पाडलेला डबा टांगला. थेंब थेंब पाणी. भोवती बाजरी. आल्या त्या मांजरी! माझी मुलगी गॅलरीतून ओरडली, "अंकल, इट्स अ कॅट हॉटेल!" भालेराव कुंपणाला जाळी ठोकायला लागले.

ऑगस्टमध्ये इराकी फौज आली. झडती घेताना शिपायानं ढिगात बंदूक खुपसली. भालेराव हात वर करून, "बर्ड! बर्ड!" शिपायानं ढिगाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. पक्षी औषधालाही नाही! कपाळाला बोट लावून तो निघून गेला. आणि हा धन्य माणूस लगेच विस्कटलेला ढीग सारखा करत होता!

सप्टेंबरात पितृपक्ष. भालेरावांच्या आईचं श्राद्ध साताऱ्याला त्यांचा भाऊ घालायचा. यंदा फोन बंद, विमानं बंद. भालेराव म्हणाले, "पुढच्या वर्षी आपण असू-नसू. मीच घालतो." वहिनींनी होता तेवढा तांदूळ शिजवला. पान अंगणात ठेवलं. ते शिवलं जाईपर्यंत कुणी जेवायचं नाही. आणि तिथं कावळा मी कधी पाहिलाच नव्हता!

एक वाजला. दोन वाजले. दोन्ही घरं उपाशी, खिडकीला चिकटून.

"अहो, काडीचा कावळा करून शिववा की," वहिनी म्हणाल्या.

भालेराव पानासमोर गेले, हात जोडले. "आई, पोरांना सुखरूप घरी पोचवीन गं. शब्द देतो."

ते मागे सरले. काट्यांखालून एक लावा बाहेर आला. धुळीनं माखलेला, पंख ओघळलेले. परातीतलं पाणी प्यायला, मग चालत थेट पानावर गेला आणि भाताचं शीत उचललं. मागून दुसरा आला. मग तिसरा! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

वहिनींनी डोळे पुसले, पदर खोचला.

"चला," म्हणाल्या, "पानं घेते."