टेबलावर पेट्रोल, नरेशच्या हातात काडीपेटी

मंडळी, कॅम्प दोन या आमच्या भागातल्या सायबर कॅफेतून लिहितोय. कितीही साबण लावला तरी हातांवरचा पेट्रोलचा वास जात नाही.

मी आणि माझा मित्र नरेश त्याच्या गॅरेजमध्ये जुन्या जीपला फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवतोय. वायरिंग माझं. गाडीत चढवण्याआधी आज ते टेबलावरच तपासायचं होतं. इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारे चारही इंजेक्टर काचेच्या बाटल्यांवर बसवले, पंप जोडला, बॅटरी लावून तो सुरू केला.

इंजेक्टरचं बटण दाबायच्या आधीच एक इंजेक्टर फवारा मारायला लागला. माझी एक वायर सोलली होती आणि टेबलाच्या लोखंडाला टेकून सर्किट पूर्ण झालं होतं. बाटलीच्या तोंडातून पेट्रोलचं धुकं वर येऊ लागलं.

"नरेश!" मी ओरडलो.

मागून तो म्हणाला, "एक मिनट रे, नवीन काम आहे, पहिले अगरबत्ती तर लावू दे."

वळलो तर त्याने काडी घासलीसुद्धा. पेटली नाही. दुसरी काढायच्या आत मी काडीपेटी हिसकावून रस्त्यावर फेकली.

बॅटरीची वायर उपटावी, तर तिथेच ठिणगी उडणार. म्हणून पेट्रोल थांबवायला पंपाचा पाइप दुमडून धरला आणि धुकं विरेपर्यंत तसाच उभा राहिलो.

नंतर नरेशने देवाच्या फोटोला हात जोडले. "देवाने वाचवलं यार," म्हणाला, आणि अगरबत्तीसाठी खिशातून लायटर काढला.

तो लायटर आता माझ्या खिशात आहे. पण गॅरेजची चावी त्याच्याकडे आहे, आणि पेट्रोलचा डबा आतच आहे. या माणसाला कसं समजावू, सांगा ना कोणीतरी.