सांगली की इस्लामपूर

काल सूनबाई पितळेची समई पॉलिशनं घासत होती. त्या उग्र वासासरशी मी पंचाहत्तर सालच्या आसपासच्या, कुंडलच्या आमच्या सोप्यात जाऊन पोचले.

फौजेतून नुकतेच पेन्शनीत आलेले माझे वडील, आण्णा, पट्ट्याचं बक्कल चकाकवत बसले होते. माझा निकाल लागला होता, आणि गणितात मी कॉलेजात पहिली आले होते.

"आण्णा, सांगलीला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागंल."

"लागंल की. त्येचंच भ्या वाटतंय," ते हळूच म्हणाले. "समद्या पोरांत तू एकली. तितं कुणाच्यात ऱ्हाणार? इस्लामपूरला बीएस्सी कर. सकाळच्या यष्टीनं जायाचं, दिस मावळायच्या आत घरात."

मी आईकडं पाहिलं. "त्येच बरं हाय, बाय," म्हणत तिनं माझ्यापुढं दुधाचा पेला ठेवला.

कुणी ओरडलं असतं तर मी भांडले असते. त्या मायेत मात्र हलायलाही जागा नव्हती.

पुढं मी विज्ञानाची शिक्षिका झाले, त्यात रमलेही. एवढा मुलूख बघून आलेल्या माणसाला सांगलीची कसली भीती, असं तेव्हा वाटायचं. आज वाटतं, मुलूख बघितल्यामुळंच ती असेल.

त्या दिवशी आण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो बाजूला सारायचं बळ मला आलं नाही. मी होय म्हणून मान हलवली.