अण्णांच्या वजनाची फट

सदूभाऊ डेंटर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची फट बघत, मग माणसांकडे. आमच्या बदलापूरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा खांद्यावरचं पिवळं फडकं सावरत उंबऱ्यातच थांबले. "ताई, वर करंगळी जाते आणि खाली अंगठा. सुतार नात्यातला होता काय?" होता. माझा चुलत दीर. मी चहा दिला, पण साखर जरा हात राखूनच घातली.

त्यांना बोलावलं होतं अण्णांच्या गाडीचे पत्रे ठोकून जुळवायला. अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच राहत. अंबरनाथ एमआयडीसीत नोकरीला असताना त्यांनी ती गोल दिव्यांची गाडी हौसेनं घेतली होती. पुढे ती ताडपत्रीखाली गंजत पडली. माझी मुग्धा लहान असताना अण्णांनी तिला शब्द दिला होता, "तुझी पाठवणी माझ्या गाडीतून, आणि पुढच्या सीटवर मी." आता मुग्धाचं लग्न ठरलं होतं आणि अण्णांना एकच घोर लागला होता, गाडी तोवर उभी राहते की नाही.

सदूभाऊ राहायला बुवापाड्यात, शेड उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात. जन्म सिंधी गिऱ्हाइकांत गेल्यामुळे अण्णांनाही ते 'साईं' म्हणत. पत्रे जुळवणं ही त्यांच्या लेखी सोयरीक होती. "मागचा पत्रा वेल्डिंगचा. ती सासू, ती हलायची नाही. तिच्याशी आधी मागचं दार, म्हणजे सून, जुळवायचं, मग पुढचं दार, मग मडगार्ड. बॉनेट म्हणजे जावई. सगळ्यात शेवटी येणार आणि सगळ्यांना नावं ठेवणार."

"आणि रंग?" मी विचारलं.

"रंग काय, मेकअप! आधी पत्रिका तर जुळू द्या."

पत्रिका काही जुळेना. फोन केला की ठरलेलं उत्तर, "ताई, आज सासू-सून जरा बोलायला लागल्यात, मध्ये पडू नका." दार लावायचं, काढायचं, बिजागरीत वायसरची चकती घालून पुन्हा लावायचं, हाच उद्योग. इकडे आमच्या लग्नपत्रिका वाटून झाल्या आणि गाडी अजून उघडीवाघडी! माझं टाळकं सटकलं. तडक शेडवर गेले, तर अण्णा पुढच्या सीटवर पेपर वाचत बसलेले, मांडीवर भज्यांची प्लेट, आणि सदूभाऊ एक डोळा मिटून दाराशी उकिडवे.

"रिकाम्या गाडीत दार जुळवायचं म्हणजे नवरदेवाशिवाय लग्न," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "माणूस बसला की गाडी दबते, फट बदलते. पुढे साईं बसणार, तर वजन साईंचंच पाहिजे ना?" मग अण्णांकडे संशयानं बघत, "काल श्रीखंड झालं वाटतं? दार खाली आलंय."

अण्णांनी मान खाली घातली. झालं होतं श्रीखंड. मधुमेहातली गोडाची चोरी आमच्या डॉक्टरांना कधी सापडली नाही, ती या डेंटरनं पकडली.

अखेर गाडी तयार झाली. लग्नही झालं. पाठवणीला हॉलबाहेर गाडी लागली. स्टिअरिंगवर माझा नवरा, मागे मुग्धा आणि जावई. अण्णा काठी टेकत पुढच्या दाराशी पोचतायत, तोच आमचे व्याही, चांगले भरभक्कम गृहस्थ, "पुढचा मान आमचा," म्हणत आत बसलेसुद्धा. वरपक्ष! बोलणार कोण? अण्णा हसून बाजूला झाले. ते हसणं मला बघवेना.

सदूभाऊ नवा शर्ट घालून आले होते, पण फडकं तेच. लगबगीनं पुढे होऊन ते बिजागरीशी वाकले, काहीतरी पुसल्यासारखं केलं आणि दार लावलं. लागेना. पुन्हा ढकललं. छे!

"व्याहीबुवा, उतरायला लागेल," सदूभाऊ सगळ्यांसमोर खणखणीत म्हणाले. "ही फट साईंच्या वजनाची आहे. दुसऱ्या कुणाला हे दार लागत नाही. माझं कामच कच्चं राहिलं."

व्याही लालबुंद. सदूभाऊंनी हात जोडले, "साहेब, तुम्ही तर आमचे बॉनेट. तुमची गाडी सगळ्यांच्या पुढे!" व्याही एकदम खूश झाले आणि आपल्या गाडीकडे निघाले. बॉनेटचा अर्थ फक्त मला आणि अण्णांना ठाऊक होता, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

अण्णा बसले. सदूभाऊ पुन्हा वाकले, एका बोटानं दार ढकललं. खट्! गाडी वळेपर्यंत मुग्धाचा हात अण्णांच्या खांद्यावर दिसत होता.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. त्यानंतर सदूभाऊ शेड बंद करून कोकणात गावी निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले. मी म्हटलं, "जाण्याआधी तेवढं पुढचं दार सगळ्यांना लागेल असं करून द्या. लग्नापासून अण्णांशिवाय तिथे मी कुणाला बसवलेलं नाही."

ते मला गाडीपाशी नेऊन म्हणाले, "बसा." मी बसले. त्यांनी एका बोटानं दार ढकललं. खट्.

"अहो, मग त्या दिवशी?"

त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी करून बिजागरीत सारलं आणि दार ढकललं. लागलं नाही. "वजनानं फट सूतभर बदलते ताई. दार लागायचं कशाला थांबेल?"

मी म्हटलं, "आणि चारचौघांत म्हणालात, काम कच्चं राहिलं!"

"म्हणालो ना. त्या रात्री जेवण गेलं नाही मला," फडकं पुन्हा खांद्यावर टाकत सदूभाऊ म्हणाले. "आता साईं नाहीत. त्या व्याह्यांना एक फोन लावा आणि सांगा, सदू डेंटरचं दार कुणालाही लागतं."