आंधळ्या इमूची उडी

"अठरा सेंट!" असं मी बारच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडलो, तिथेच घोळ झाला. आकडा बरोबर होता. फोनवर त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती वाचण्याआधीच मी तोंड उघडलं.

त्या टोकाला क्लॅरी ट्रेंबाथ बसला होता. तो रोज दुपारी दोनला आमच्या पबमध्ये येतो, कारण सिडनीचा शेअर बाजार आमच्या पश्चिमेच्या घड्याळात दोनला बंद होतो. फोनवरचे आकडे त्याला दिसत नाहीत. म्हणून बिअर ओतता ओतता भाव मी वाचायचा आणि त्याने तो भिंतीवरच्या चौकटीच्या कागदावर टिंब देऊन मांडायचा. कागद डार्टबोर्डला लागून. एकदा कुणाचा तरी बाण चुकून कागदात घुसला, तर पुढचे पंधरा दिवस क्लॅरी येईल त्याला त्या भोकाचं माहात्म्य सांगत होता. "इथे भक्कम आधार आहे बघ. भाव याच्या खाली जायचा नाही." भाव गेला. मग म्हणाला, बाण मारणारा प्यायलेला होता.

क्लॅरीने उभं आयुष्य सोन्याच्या कंपन्यांसाठी जमिनीला भोकं पाडण्यात घालवलं. सोनं नेहमी दुसऱ्याच्या भोकात निघालं. निवृत्त झाल्यावर त्याने पर्थच्या एका हॉटेलात शेअरचे आलेख वाचायचा शनिवार-रविवारचा वर्ग केला, परत येताना पट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली आणल्या, आणि जमिनीत न मिळालेलं सोनं कागदावर खणायला बसला. वर्गातल्या माणसाने त्याला एक ब्रह्मवाक्य दिलं होतं: कंपनी काय करते ते बघायचंच नाही. नफा, तोटा, बातम्या, सगळा गोंगाट. कंपनीची पत्रं क्लॅरी न फोडताच शेगडीत घालायचा.

"रेघेत सगळं येतं, पोरा. माणसाची हाव येते, भीती येते."

"आणि कंपनीकडे सोनं आहे की नाही, ते?"

"ते सगळ्यात शेवटी येतं."

त्याचे चार लाख शेअर होते एकाच कंपनीचे, 'ब्लाइंड इमू गोल्ड'. आंधळा इमू. नाव ठेवणारा निदान प्रामाणिक होता. भाव दोन सेंटला जो बसला तो उठेचना. क्लॅरीला त्याचाही आनंद. "इतकी सपाट रेघ! सपाट रेघेला हात लावायचा नसतो. मोठी हालचाल येणार."

या रेघेला एक कॅरॅव्हॅन बांधलेली होती. ती चाकांवरची खोली क्लॅरीच्या अंगणात उभी, आणि तिच्यात त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, पडदेसुद्धा लावून ठेवले होते. ग्लेनिस पबच्या समोरच्या बेकरीत मटण-बटाट्याच्या करंज्या मुरडते. आम्ही त्यांना पेस्टी म्हणतो. क्लॅरीने कागदावर पाच सेंटला लाल रेघ मारून शब्द दिला होता: भाव ही रेघ ओलांडेल त्या दिवशी विकायचं, तू नोकरी सोडायची, आणि दोघांनी देशभर फिरायला निघायचं. तेव्हापासून गाव पेस्टी घेताना विचारायचं, "अगं ग्लेनिस, अजून इथेच?" हे विचारण्यात बेकरीचा मालक कॉल्विन सगळ्यात पुढे.

आणि आता मी ओरडलो, अठरा.

क्लॅरी उठला. लाल रेघेच्या वर कागद पुरला नाही, म्हणून टिंब भिंतीवर दिलं. मग बारवरच्या पितळी घंटेची दोरी ओढली. आमच्याकडे ही घंटा वाजवणाऱ्याने पबमधल्या झाडून सगळ्यांना पाजायचं असतं. क्लॅरीने ती आजवर वाजवली नव्हती. दुसऱ्याने वाजवली की मात्र तो हटकून हजर.

"ब्रेकआउट! रेघ फोडली भावाने!" तो म्हणाला आणि ग्लेनिसला फोन लावला. "सोड नोकरी, राणी! बहात्तर हजार!"

मी ग्लास भरत होतो. भरता भरता फोनवर पुन्हा नजर गेली आणि ती ओळ वाचली. कंपनीने जुन्या दहा शेअरांचा एक नवा शेअर केला होता. म्हणजे दहाच्या दहा नोटा घेऊन शंभराची एक दिली, तसं. दोन सेंटचे दहा, वीस सेंट व्हायला हवे होते. झाले होते अठरा. आंधळ्या इमूने उडी मारली नव्हती. तो खड्ड्यात पाय घालून बसला होता.

"क्लॅरी," मी म्हटलं, "तुझे चार लाख आता चाळीस हजार झालेत."

"चाळीस हजार डॉलर?"

"शेअर. डॉलर सात हजार दोनशे."

"गोंगाट," क्लॅरी म्हणाला. पण ग्लास खाली ठेवला.

तेवढ्यात दार ढकलून ग्लेनिस आली. हाताला पीठ, अंगावर ॲप्रन नाही.

"दिली सोडून. कॉल्विनला सांगितलं, ते लाटणं कुठे घालायचं ते. भर दुकानात सांगितलं." मग तिने आमची तोंडं बघितली. "काय झालं?"

क्लॅरी भिंतीकडे बघायला लागला. सांगावं मलाच लागलं. बारमधले चौदाजण आपापल्या फुकटच्या बिअरकडे बघत होते, कुणी पीत नव्हतं. म्हणजे एकजण पीत होता, पण हळू.

"मर्दा," ग्लेनिस क्लॅरीला म्हणाली, "मी तिकडे परत जाणार नाही. उपाशी मरेन, पण त्या कॉल्विनच्या तोंडासमोर पुन्हा पेस्टी मुरडणार नाही."

"थोडं थांबू या. आलेखानुसार आता..."

"आलेखानुसार नाही, पेट्रोलनुसार बोल. सात हजारांत कुठवर जाता येतं?"

"ॲडलेड," क्लॅरी पुटपुटला. "बेताने खाल्लं तर मेलबर्न."

"मग उद्या बाजार उघडला की विक. बेताने खाऊ."

त्याने विकले. आठवड्याने निघाले. महिन्याभरात आंधळा इमू अकरा सेंटला आला, आणि क्लॅरी वाटेत भेटेल त्याला सांगू लागला की नेमकं कुठे बाहेर पडायचं ते रेघेनेच सांगितलं होतं. ग्लेनिस शेजारी उभी राहून ऐकत असे, असं तीच मला फोनवर म्हणाली.

आता तो पेट्रोलच्या भावाची रेघ काढतो. नलरबॉरच्या माळावर, जिथे दोन पंपांमध्ये कांगारूशिवाय काही नाही, त्याने एका पंपावर टाकी भरायला नकार दिला: भाव शिखरावर आहे, पुढे उतरणार. पुढे गाडीच उतरली, रस्त्याच्या कडेला. ग्लेनिसने ट्रकवाल्याला हात दाखवून डबाभर पेट्रोल आणलं, आणि तेव्हापासून पाकीट तिच्याकडे आहे. फोनवर हसत होती. समुद्र बघितला म्हणाली.

राहिली घंटा. आमच्या मालकिणीने, मॉरीनने, बिलाचे दोन भाग केले: अर्धं वाजवणाऱ्याचं, अर्धं ओरडणाऱ्याचं. माझं पगारातून कापलं. क्लॅरीचे त्रेसष्ट डॉलर बाकी. मॉरीन दर शुक्रवारी त्याच्याच कागदावर, डॉलरचं नवं माप धरून, त्रेसष्टच्या उंचीला एक टिंब देते.

परवा मी त्याला फोनवर आठवण केली.

"टिंबं कशी दिसतायत?" त्याने विचारलं.

"सपाट. एका ओळीत."

"मग हात लावू नका," क्लॅरी म्हणाला. "मोठी हालचाल येणार."